एकतिसाव्या स्लाइडची तळटीप

अठ्ठ्याहत्तराव्या स्लाइडवर गुलाब होता. टपोरा, लाल, पाकळ्यांवर दवाचे थेंब असलेला. त्याच्याखाली पिवळ्या अक्षरांत 'धन्यवाद' लिहिलेलं होतं आणि त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेनं उडत येऊन जागेवर बसत होतं. शेवटचा 'द' यायला जरा वेळ लागला.

"हा 'द' अडकतो कधीकधी," जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. चिंतावार म्हणाले. "मशीन जुनी आहे ना."

"साहेब, गुलाब कशाला आहे?"

"शेवट आहे तो."

"पीपीटी सर्पदंशावर आहे."

"म्हणून काय शेवटी साप दाखवायचा?" ते हसले. शेजारी उभे असलेले सांख्यिकी सहायक दुधपचारेही हसले. साहेब हसले की दुधपचारे हसत आणि साहेब थांबले की अर्ध्या सेकंदानं थांबत. तेवढ्या अर्ध्या सेकंदात त्यांचं स्वतःचं काय ते मत असावं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चौदा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. आमची आवृत्ती बंद झाली आणि मला या जंगलकाठच्या जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम मिळालं. पदाचं नाव होतं 'माहिती व सादरीकरण सल्लागार'. काम एकच. साहेब लोक जे पडद्यावर दाखवतात, ते माणसांना वाचता येईल असं करायचं. दुधपचारे मला 'पत्रकारसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही, कारण दुधपचारेंच्या मताला मी मोजत नव्हतो.

त्या सोमवारी मी अठ्ठ्याहत्तर स्लाइडी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं होती. एका स्लाइडवर एकशे चाळीस शब्द होते, ते मी मोजले. चौदा रकान्यांचं एक कोष्टक होतं, ज्यातला एकही आकडा पहिल्या रांगेतून दिसला नसता. प्रत्येक मुद्द्याआधी चांदणी होती, कुठे सोनेरी, कुठे हिरवी, आणि काही ठिकाणी ती लुकलुकत होती. एका तालुक्याच्या नावालाही चांदणी होती. आरोग्य खात्याची पीपीटी आहे की दिवाळीचं भेटकार्ड, हे मथळा वाचेपर्यंत कळत नव्हतं. आणि मथळा काय, तर 'सर्पदंश विषयक माहिती'. चौदा वर्षांत कुठल्या वार्ताहरानं मला असा मथळा दिला असता तर मी त्याला जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला नेमून टाकलं असतं.

"गुरुवारी सचिव मॅडम येणार," चिंतावार म्हणाले. "मुंबईहून. आपल्या जिल्ह्याला सर्पदंश उपचार कक्ष मंजूर आहेत, चार. तालुके आठ. कोणत्या चार तालुक्यांना द्यायचे ते मॅडम इथंच ठरवणार, पीपीटी बघून. वीस मिनिटं दिली आहेत."

"वीस मिनिटांत अठ्ठ्याहत्तर?"

"मी भरभर पुढे करतो."

"कक्षात काय काय असणार?"

"लशीचा पूर्ण साठा, कृत्रिम श्वासाचं यंत्र, चोवीस तास शिकलेली नर्स. मण्यार चावली की माणसाचा श्वास थांबतो, मोहरील. लस असून भागत नाही. यंत्र लागतं. आज ते फक्त इथं जिल्ह्याला आहे." चिंतावार क्षणभर डॉक्टर झाले आणि लगेच पुन्हा अधिकारी झाले. "तर मॅडमना छान वाटलं पाहिजे."

"छान नाही वाटणार," मी म्हणालो. "कळेल."

मी ते बसून केलं. अठ्ठ्याहत्तरच्या नऊ स्लाइडी. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, सगळ्या पीपीटीत एकच गडद रंग. एका स्लाइडवर एक विधान आणि ते विधान म्हणजेच मथळा, ज्यात क्रियापद असलंच पाहिजे. 'सर्पदंश विषयक माहिती' ऐवजी 'दर दोन दंशांपैकी एक झोपेत होतो'. जो आकडा तोंडी सांगता येतो तो पडद्यावर ठेवला नाही. जे चित्र काही सांगत नाही ते काढलं, म्हणजे सगळीच काढली. चांदण्या एकेक करून टिपत बसलो नाही. संगणकाला सांगितलं, चांदणी दिसेल तिथे पूस. तीनशे बारा चांदण्या एका फटक्यात गेल्या. मग तळटिपा. जवळजवळ प्रत्येक स्लाइडच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन-दोन ओळी होत्या, 'सदर माहिती', 'उपरोक्त रकाना', 'संदर्भीय परिपत्रकानुसार'. ज्या ओळी शेवटच्या रांगेतून वाचता येत नाहीत त्या लिहिणाऱ्यालाही वाचून घ्यायच्या नसतात, असं माझं ठाम मत होतं. त्याही काढल्या.

महत्त्वाची स्लाइड चौथी. जुन्या पीपीटीत ती एकतिसावी होती, आठ तालुके अकारविल्हे लावलेलं कोष्टक. मी त्यातला गेल्या वर्षीच्या रुग्णांचा रकाना तेवढा उचलला आणि आडव्या पट्ट्या काढल्या, सर्वांत मोठी वर, सर्वांत लहान खाली. चिखलधरा एकशे बारा, वडसोंडी सत्त्याण्णव, पळसबोडी एकाहत्तर, नवेखेडा अडतीस. या चार पट्ट्या गडद. खालच्या चार करड्या: मोहटोला एकोणतीस, बामणघाट चोवीस, सावरटोला अकरा. कोसमघाटासमोर 'निरंक' लिहिलेलं होतं. निरंक म्हणजे शून्य, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी तो सरकारी शब्द खोडला आणि शून्य टाकलं. वर मथळा दिला, 'चार तालुक्यांत जिल्ह्यातले दर सहापैकी पाच रुग्ण'.

मंगळवारी सभागृहात जाऊन ती पडद्यावर लावली आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. सगळं दिसत होतं. काय करायचं तेही दिसत होतं.

चिंतावारांनी ती पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा घरातलं सामान चोरीला गेल्यासारखा झाला.

"हे एवढंच?"

"एवढंच."

"अहो, पण काम केलेलं दिसत नाही यात. मॅडम म्हणतील, वर्षभर करून राहिले काय हे लोक?"

"मॅडम म्हणतील, कुठे द्यायचे ते कळलं."

"तळटिपा होत्या ना साहेब त्यात," दुधपचारे मागून म्हणाले.

"काढल्या," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे काहीकाही टिपा जरा..."

"दुधपचारे, ती आठ आकाराची अक्षरं मॅडमना दाखवायला तुम्ही दुर्बिणी वाटणार आहात का?"

चिंतावार हसले. दुधपचारे हसले. अर्ध्या सेकंदानंतर ते काही बोलणार होते असं मला वाटलं, पण साहेबांनी त्यांना पुष्पगुच्छाचं विचारलं आणि ते पुष्पगुच्छाचं सांगू लागले.

बुधवारी दुपारी एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तिशीच्या पुढे, सुती साडी, पायांत धुळीनं पांढरे झालेले बूट, काखेत कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर.

"मोहरील सर का? मी डॉ. सुगंधा उसेंडी. कोसमघाटला वैद्यकीय अधिकारी आहे."

कोसमघाट म्हणजे जिल्ह्याचं शेवटचं टोक. तिथून दिवसाला एक बस सुटते आणि ती साडेपाच तासांनी पोहोचते.

"बसा. उद्याच्या मीटिंगला?"

"हो. बोलावलं नाही, पण आले. पीपीटी तुम्ही केली म्हणतात. कोसमघाट आहे ना त्यात?"

"आठही तालुके आहेत."

"आकडे आहेत ना आमचे?"

"प्रत्येक तालुक्यासमोर आकडा आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. मला भीती वाटत होती. आमच्याकडे फार आहेत सर दंश. लोक खाली झोपतात, घरात मोहाची फुलं साठवलेली, त्यावर उंदीर आणि उंदरांमागे मण्यार. एकदा बघू का स्लाइड?"

"उद्या बघा."

"दोन मिनिटं फक्त."

"मॅडम, मी पेपरात होतो. बातमी छापायच्या आधी आम्ही ती कोणाला दाखवत नाही. एकाला दाखवली की दहा जण येतात आपापलं वाढवून घ्यायला."

"मी वाढवून घ्यायला नाही आले."

"तसं सगळेच म्हणतात."

त्या रजिस्टर टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मग हे तरी ठेवून घेता का? गेल्या वर्षीचं आहे. एकेक नाव आहे यात."

"आकडे मला कार्यालयाकडून येतात. दुधपचारेंकडे द्या."

"ते पुष्पगुच्छ आणायला गेलेत."

"मग येतील."

शून्य हा आकडा मला पाठ होता आणि 'फार आहेत' म्हणणारी बाई माझ्यासमोर उभी होती. रजिस्टर उघडून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण चौदा वर्षांत मला भेटलेला प्रत्येक सरपंच, प्रत्येक मुख्याध्यापक आणि प्रत्येक अध्यक्ष आपलं दुःख जिल्ह्यात सगळ्यांत मोठं आहे असंच सांगत आला होता. मी कागद चाळायला लागलो. त्यांनी रजिस्टर उचललं आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. दुधपचारे साडेसहाला आले तेव्हा कार्यालयाला कुलूप लागत होतं.

गुरुवारी सचिव मॅडम वेळेवर आल्या, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडाली. पुष्पगुच्छ त्यांनी हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगितला. बारीक, पांढऱ्या केसांच्या, घड्याळ आतल्या बाजूनं बांधणाऱ्या बाई. मला त्या बघताक्षणी आवडल्या. पहिली स्लाइड आली, दुसरी आली. तिसरीला त्यांनी पेन खाली ठेवलं. चौथी आली आणि त्या चिंतावारांना थांबवत म्हणाल्या, "ही कोणी केली?"

चिंतावारांनी भीतभीत माझ्याकडे बोट दाखवलं.

"एवढ्या दौऱ्यांत पहिल्यांदा काहीतरी वाचता आलं," त्या म्हणाल्या. "बाकीचे जिल्हे मला चांदण्या दाखवतात."

सभागृह हसलं. मी हसलो नाही, पण मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. आवृत्ती बंद झाल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

"मग सरळच आहे. वरचे चार. चिखलधरा, वडसोंडी, पळसबोडी, नवेखेडा. कोणाला काही म्हणायचंय?"

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी डॉ. उसेंडी, कोसमघाट. तिथं शून्य लिहिलंय. शून्य नाही. आमच्याकडे गेल्या वर्षी एकोणऐंशी रुग्ण होते. नऊ गेले."

एकोणऐंशी म्हणजे वरून तिसरा नंबर. मी मनात पट्ट्या पुन्हा लावल्या. नवेखेडा खाली गेलं.

मॅडमनी चिंतावारांकडे पाहिलं. चिंतावारांनी दुधपचारेंकडे पाहिलं. दुधपचारे उभे राहिले.

"मॅडम, कोसमघाटचा अहवाल पोर्टलवर आलाच नाही. मग आपण तिथं निरंक लिहितो."

"अहवाल नाही तर निरंक कसं? निरंक म्हणजे शून्य."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही ना मॅडम. रिकामा ठेवला की फाईल परत येते. रुग्ण नसला तरी निरंक, अहवाल नसला तरी निरंक. म्हणून चांदणी देतो आपण नावाला, आणि खाली टीप."

"कुठे आहे चांदणी?"

दुधपचारेंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कोणाचं हसू उसनं घेतलेलं नव्हतं. "होती, मॅडम. टीपही होती."

"तुम्ही काढली?" मॅडमनी मला विचारलं.

"हो."

"काय होती टीप?"

मला ठाऊक नव्हतं. मी ती वाचलीच नव्हती. 'बघून सांगतो' म्हणायला हरकत नव्हती. जुनी फाईल त्याच संगणकावर होती. दोन कळा दाबल्या असत्या तर ती पडद्यावर आली असती, निळ्या पार्श्वभूमीसकट.

"तांत्रिक स्वरूपाची होती, मॅडम," मी म्हणालो. "त्यानं चित्र बदलत नाही."

मॅडम डॉ. उसेंडींकडे वळल्या. "तुमचा अहवाल पोर्टलवर का नाही?"

"टॉवर बंद आहे मॅडम, दीड वर्ष. पोर्टलचा कोड मोबाइलवर येतो, मोबाइलच लागत नाही. मी दर महिन्याला कागदावर पाठवला, बसच्या ड्रायव्हरच्या हाती. 'पोर्टलवर भरावे' असा शेरा मारून परत आला."

"कोणी मारला शेरा?"

दुधपचारे बसले.

"हे रजिस्टर आहे," डॉ. उसेंडी म्हणाल्या. "नावं, गाव, वेळ, कोणता साप, सगळं आहे. बघा ना मॅडम."

"डॉक्टर, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण उद्या आठही तालुके आपापली रजिस्टरं घेऊन उभे राहतील. मी कशावर निर्णय घ्यायचा?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "सल्लागार म्हणतायत, चित्र बदलत नाही. पुढच्या टप्प्यात बघू. पुढची स्लाइड."

चिंतावारांनी पुढची स्लाइड आणली. ती पहिल्या रांगेतून दिसत होती आणि शेवटच्याही.

जेवणाच्या सुटीत सगळे आलुबोंड्यांच्या टेबलाभोवती जमले. चिंतावार माझ्या पाठीवर थाप मारून गेले. "मोहरील, वाचवलंत. मी तर मेलोच होतो तिथं." त्यांच्या मिशीला चटणी लागली होती. हा माणूस एकेकाळी डॉक्टर होता, हे आठवून मला त्यांची किळस आली. स्वतःबद्दल विचार करायची वेळ अजून यायची होती.

डॉ. उसेंडी माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"टीप दाखवा," त्या म्हणाल्या.

मी जुनी फाईल उघडली. एकतिसावी स्लाइड. कोसमघाटच्या पुढे हिरवी चांदणी. ही नावानंतर होती, एवढाच तिच्यात आणि बाकीच्यांत फरक. तळाशी मुंगीएवढी ओळ. मी अक्षर मोठं केलं.

'टीप: चांदणीची खूण असलेल्या तालुक्याचा अहवाल अप्राप्त असल्याने तेथील रुग्णसंख्या शून्य समजू नये.'

दुधपचारेंनी लिहिलेलं वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद जागेवर. अर्थाला कुठे भोक नाही. त्या अठ्ठ्याहत्तर स्लाइडींत मी जसंच्या तसं छापायला सोडलं असतं असं हे एकच वाक्य होतं.

"तुम्ही वाचली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग चित्र बदलत नाही हे कसं कळलं तुम्हाला?"

मी फाईल बंद केली. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"इतिवृत्त सोमवारी निघतं. ते निघालं की संपलं, मला माहीत आहे. त्याआधी मॅडमच्या नावानं एक पत्र द्या. टीप काढली होती, काय होती, एवढंच. मी आवकमध्ये टाकते, एक प्रत त्यांच्या गाडीत देते. माझी बस अडीचला आहे."

दीड वाजला होता. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'मी टीप न वाचता काढली आणि सभेत तिच्याबद्दल खोटं बोललो.' मथळा म्हणून उत्तम होता. बारा शब्दांच्या आत.

माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. ते पुढे वाढवायचं की नाही याचा शेरा चिंतावार लिहिणार होते. मी पहिला कागद घडी करून खिशात टाकला आणि दुसरा घेतला. तो टाइप करायला चाळीस मिनिटं लागली. दैनिकात मी पान एकची बातमी वीस मिनिटांत उतरवत असे.

त्यांनी तो उभ्यानंच वाचला. वाचताना ओठ हलत होते.

"'दिनांक सतरा रोजीच्या सादरीकरणात तांत्रिक कारणास्तव एक टीप वगळली गेली असून, कोसमघाट तालुक्याचा अहवाल अप्राप्त असल्याचे नमूद करणे राहून गेले आहे. तरी योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर.'" त्यांनी वर पाहिलं. "सर, ही टीप आपली आपणच उठून गेली का?"

"कार्यालयीन भाषा अशीच असते, मॅडम."

"तुमची नव्हती. चार नंबरच्या स्लाइडवर नव्हती." त्यांनी कागद पुन्हा वाचला. "यात माणूसच नाही कुठे. कोणी वगळली, कोणाचं राहून गेलं?"

"अर्थ तोच आहे."

"तुम्ही पेपरात होता ना? अशी बातमी कोणी आणून दिली असती तर?"

मी ती तोंडावर फेकली असती. तेही त्यांना ठाऊक असावं. त्यांनी घड्याळ पाहिलं. दुसरं पत्र लिहून घ्यायला वेळ उरला नव्हता आणि माझ्याकडून दुसरं निघणारही नव्हतं, हे त्यांना एका नजरेत कळलं. रोगी तपासणारी नजर होती ती. फक्त तीत औषध लिहून द्यायचा विचार नव्हता.

"सही करा," त्या म्हणाल्या.

मी सही केली. त्यांनी आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला, दुसरी प्रत मॅडमच्या ड्रायव्हरकडे दिली आणि रजिस्टर काखेत घेऊन निघून गेल्या. मला नमस्कार केला नाही. दुधपचारेंना मात्र थांबून म्हणाल्या, "टीप चांगली लिहिली होती तुम्ही." दुधपचारे ओशाळून म्हणाले, "मागल्या वर्षी असाच घोळ झाला होता ना बाई, म्हणून लिहून राहिलो होतो."

सोमवारी इतिवृत्त निघालं. वरचे चार. त्यात माझ्या सादरीकरणाच्या 'सुस्पष्टतेबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले' असंही एक वाक्य होतं. चौथी स्लाइड विभागातल्या सगळ्या जिल्ह्यांना नमुना म्हणून पाठवली गेली. जूनमध्ये माझं कंत्राट वाढलं. चिंतावारांनी गुलाब सोडून दिला आणि शेवटच्या स्लाइडवर पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत 'धन्यवाद' लिहायला लागले. ते मला कौतुकानं दाखवत. मी मान डोलावत असे.

माझ्या पत्राला उत्तर मे महिन्यात आलं होतं. एक ओळ. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' जिथून आलं तिथल्या माणसाला दोष देता येत नव्हता. माझ्या पत्रात त्याला हलवेल असं काही नव्हतंच. कोणी काही केलेलं नाही असं मी कळवलं होतं आणि कोणी काही करायचं नाही असं त्यानं ओळखलं होतं. दोघांनी एकमेकांना बरोबर समजून घेतलं. पहिला कागद मी त्या आधीच फाडून टाकला होता. उन्हाळ्यात सदरा धुवायला टाकताना खिशात सापडला तेव्हा.

ऑगस्टमध्ये, एका सकाळी अकराच्या सुमाराला, टेबलावरचा फोन वाजला.

"डॉ. उसेंडी बोलतेय. कोसमघाटहून. टॉवर सुरू झाला काल."

"अरे वा," मी म्हणालो.

"या महिन्याचे आकडे पोर्टलवर भरले. दुधपचारेंना बघायला सांगा, पोहोचलेत का."

"सांगतो."

"तुमच्या त्या पत्राचं काय झालं?"

"उत्तर आलं होतं. नोंद घेतली म्हणून."

पलीकडे कोणीतरी गोंडीत मोठमोठ्यानं बोलत होतं आणि पावसाचा पत्र्यावर आवाज येत होता.

"मॅडम?"

"आहे. परवा मायलेकींना पाठवलं नवेखेड्याला. मण्यार. एकाच चटईवर झोपल्या होत्या."

"ब्याण्णव किलोमीटर," मी म्हणालो. अंतर मला पाठ होतं. "पोहोचल्या?"

"गाडी पोहोचली," त्या म्हणाल्या.